डावीकडचे चार फूट

५ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा, यातच दोन कागद वाया गेले. 'तीर्थस्वरूप' लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आत्ता आठवलं का. आणि नुसतं 'प्रिय' म्हणायची आपल्यात कधी पद्धत नव्हती. म्हणून नुसतं 'ताई'. बावीस वर्षं या हाकेला तुम्ही 'ओ' दिलीत. आता फोनही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. निदान पाकीट उघडताना माझा आवाज तरी ऐकावा लागणार नाही.

कामाचंच लिहिते. मोठ्या मागावरचा गालिचा पुरा झाला. तुमच्या भावानं आणि मी मिळून सुरू केलेला. हे गेल्यावर आठ महिने मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पण अर्धवट काम अडकून पडलं की मागही अडतो आणि माणूसही अडतो. दुसरं काही चढवता येईना, आहे ते कापून काढायला हात धजेना. शेवटी ऑगस्टमध्ये दार उघडलं आणि बसले. नऊ फुटी गालिचा एकटीनं विणणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. उजवीकडे वीतभर विणा, उठा, डावीकडे जाऊन वीतभर विणा, परत उठा. विणणं कमी आणि उठाबशाच जास्त. शाळेत काही कमी काढल्या नव्हत्या, त्यात आता ही भर.

ज्या शोरूमनं तो मागवला होता, तिथल्या मॅडमनी एवढे दिवस वाट पाहिली. एकदाही तगादा लावला नाही. त्यांचं नवं दालन उघडतंय. दोन फेब्रुवारीला दुपारी चार वाजता कार्यक्रम आहे. ताग, घायपात, काथ्या असल्या धाग्यांचे गालिचे आणि त्यांच्या जोडीला नव्या धाटणीचं फर्निचर. आपण जन्मभर ज्याला वाख म्हणत आलो त्याला ते लोक 'नॅचरल फायबर' म्हणतात, आणि म्हणताना आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा आवाज खाली आणतात. मला तिथे छोट्या मागावर बसून पाहुण्यांना विणून दाखवायचं आहे.

ताई, तुम्ही या. गालिच्याच्या सुरुवातीचे चार फूट, डावीकडचे, यांच्या हातचे आहेत. तुमची बोटं दुखायला लागली आणि तुम्ही मुलाकडे राहायला गेलात, तेव्हापासून ते तुमच्याच जागेवर बसायचे. कार्यक्रम झाला की गालिचा कोणाच्या तरी घरी जाईल. मग तिथे जाऊन 'जरा दाखवता का' म्हणायचं कोणी?

तेव्हाचं विसरा, असं मी म्हणत नाही. पण खरंच सांगते, सगळं दोन दिवसांत झालं. सकाळी मागावर होते आणि दुसऱ्या दिवशी नव्हते. कळवायला सवडच मिळाली नाही. तुम्ही पोचलात तेव्हा सगळं आटोपलं होतं. घोटभर पाणीही न घेता दारातूनच फिरलात. 'माझ्या भावाचं तोंड मला बघू दिलं नाहीस' म्हणालात. ते मला अजून ऐकू येतं.

शोरूमचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुमची भावजय


१९ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी रोज पेटी उघडून बघते.

गुरुवारी गालिचा मागावरून उतरवला. सुतारभाऊ आले होते मदतीला. यांचे मित्र हो, चहाला आले की साखरेच्या डब्याचा तळ दाखवून जाणारे. हल्ली ते त्याच शोरूमसाठी सोफे-खुर्च्या करतात. विणून झालेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जातो, त्यामुळे यांचे चार फूट सगळ्यांत आत होते आणि उलगडताना सगळ्यांत शेवटी बाहेर आले. मी ते डोळ्यांच्या आधी तळव्यानं ओळखले. यांचा हात सैल. दोरा ठोकून बसवायचा तो पंजा मारायचा म्हणून मारायचे, जसं काही दोऱ्याला लागेल. तेवढा भाग फुगीर आहे, मऊ आहे, आणि काठ बोटभर आत ओढला गेलाय. त्यापुढे माझी वीण; घट्ट, तुम्ही शिकवलीत तशी. ते जिथे संपतात आणि मी सुरू होते, तिथे हात फिरवला तर पायरी लागते.

मॅडमनाही लागली. बाई हुशार आहेत. गुडघ्यावर बसून त्यांनी गालिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथे काहीतरी बदललंय."

"माणूस बदललं," मी म्हटलं.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी करू नका. तेवढ्यावर सोफा येईल. कोणाला कळणारही नाही."

वाईट बाई नाही हो. आपल्या परीनं त्या मला सांभाळूनच घेत होत्या. पण मला काय वाटलं ते मी कोणाला सांगू? सोफा सुतारभाऊंनीच केलेला आहे. बुटका, राखाडी, चार बारीक लोखंडी पायांचा. त्यांना कळलं तेव्हा बिचारे म्हणाले, "वहिनी, आधी माहीत असतं तर त्याला पायच केले नसते मी." हसू आलं.

गालिच्याचं नाव त्यांनी 'माती' ठेवलंय. घायपाताचा रंग वाळल्या गवताचा, मातीचा त्याच्याशी काय संबंध? पण नाव ठेवणाऱ्यांना आपण कशाला नावं ठेवायची. शेजारी एक कार्ड लागणार आहे: 'हातमाग. दोन विणकर.' एवढंच. दोघांपैकी एक नाही, हे कार्डावर मावलं नाही.

जाताना सुतारभाऊ दारात थांबले. "ताईंना सगळं लिहिलंत ना?" मी हो म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग चपला घालून गेले.

तर एक राहिलं होतं लिहायचं. मी मुद्दाम कळवलं नाही असं नाही, ताई. यांनीच बजावलं होतं. म्हणाले, ताईला उगाच घाबरवू नकोस, तिची बोटं आधीच सुजलेली, एवढा दिवसभराचा प्रवास तिला झेपायचा नाही. मी त्यांचा शब्द राखला एवढंच.

दोन तारखेला, चार वाजता. याल असं समजून एक खुर्ची धरून ठेवीन.

तुमची भावजय


३ फेब्रुवारी

ताई,

पोचलात का नीट? काल तुम्ही कुठे उतरला होतात, काही खाल्लं होतं का, गाडीपर्यंत कोणी सोडायला होतं का, यातलं काहीच मला विचारता आलं नाही.

तुम्ही दिसायच्या आधीचं सांगते, कारण नंतरचं सांगायला मला जरा वेळ लागेल.

त्यांनी मला दर्शनी काचेच्या आत बसवलं होतं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे, लहान मुलं काचेला नाक लावायची. आत सगळं पांढरं, वर बारीक दिवे, आणि एकेका गालिच्यावर दोन-दोन, तीन-तीन वस्तू मांडलेल्या. एका खुर्चीला तर पाठ कुठली आणि बूड कुठलं तेच कळत नव्हतं. एक गृहस्थ हौसेनं तिच्यात बसले आणि मग दोघांनी हात दिल्यावर बाहेर आले. एका बाईंनी मला विचारलं, "हे करताना मनाला शांती मिळत असेल ना?" मी म्हटलं, "मिळते. फक्त कंबर जाते." त्या हसल्या. मीही हसले. म्हणजे बघा, मी हसत होते.

तेवढ्यात वर पाहिलं तर तुम्ही. सगळे बूट घालून गालिच्यांवर हिंडत होते आणि तुम्ही एकट्या अनवाणी, चपला हातात. केस किती पांढरे झालेत. आधी सबंध गालिच्याभोवती एक फेरी मारलीत. मग सोफ्याजवळ उभं राहून तिथल्या पोऱ्यांना म्हणालात, "हा उचला."

"आजी, तो डिस्प्ले आहे."

"असू दे डिस्प्ले. उचला."

त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दोघातिघांनी फोटो काढले. सुतारभाऊ कुठूनसे पुढे आले, एक बाजू त्यांनी धरली, आणि सोफा बाजूला झाला. त्याच्या पायांचे चार खळगे पडले होते विणीत. तुम्ही खाली बसलात. वाकडी झालेली ती बोटं कशीबशी सरळ करून तळवा टेकवलात आणि हळूहळू पुढे सरकवत नेलात, आणि पायरी लागली तिथे थांबलात. तोवर मी तुमच्यापाशी येऊन उभी होते. तुम्ही वर न बघता विचारलंत,

"इथे थांबला?"

"हो."

"कुठल्या दिवशी उठला मागावरून?"

ताई, पत्रात लिहायला सोपं असतं. तुमचा हात त्यांच्या विणीवर होता आणि माझ्या तोंडून खरी तारीख बाहेर पडली. अठ्ठावीस नोव्हेंबर.

तुम्ही मोजलंत. ओठ हलताना मला दिसले. "गेला सात डिसेंबरला."

"हो."

"म्हणजे नऊ दिवस होते." मग वर बघितलंत. "पहिल्या पत्रात लिहिलंस दोन दिवस. दुसऱ्यात लिहिलंस, तो नको म्हणाला. खरं कुठलं?"

"दोन्ही खोटं."

ओरडला असतात तर बरं झालं असतं. सुतारभाऊंनी हात दिला, उठलात, आणि दाराबाहेर गेल्यावर चपला घातल्यात. मी काचेतून बघत राहिले. नंतर मॅडमनी विचारलं, कोण होत्या या. मी म्हटलं, मला विणायला ताईंनी शिकवलं, आणि आमच्या ह्यांनाही. मॅडमनी पोऱ्यांना सांगितलं, सोफा आता परत ठेवू नका. मग उरलेला सगळा वेळ तो भिंतीशी उभा होता.

आता खरं लिहिते.

अठ्ठावीसला दुपारी हे मागावरून उठले आणि छातीला हात लावून परत खाली बसले. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, करण्यासारखं काही राहिलेलं नाही, घरी न्या, महिना-दोन महिने मिळतील. मी महिना म्हणजे महिनाच धरून चालले. रोज मनाशी म्हणायचे, उद्या ताईंना कळवू. उद्या म्हणता म्हणता सात तारीख आली.

पण वेळ आहे असं वाटलं, हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं असं, की तुम्ही आलात की घर तुमचं व्हायचं. सासूबाई गेल्या तेव्हा हे सहा वर्षांचे आणि तुम्ही पंधरा. तुम्ही त्यांना न्हाऊमाखू घातलंत, शाळेत पाठवलंत, हातात दोरा दिलात. त्यांच्यावर तुमचा हक्क माझ्याआधीचा, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि मी ते कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही आला असतात तर उशाशी बसला असतात आणि मी स्वयंपाकघरात चहा टाकत उभी राहिले असते. मला वाटलं, थोडे दिवस ते फक्त माझे असू देत. मग बोलावीन.

एवढंच कारण आहे, ताई. याहून मोठं काही असतं तर मला सांगायला तरी बरं वाटलं असतं.

तुमची भावजय, अजून म्हणवून घेता येत असेल तर


११ फेब्रुवारी

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. तीनच वाक्यं, आणि तिसरं असं, की मी ते हातात धरून उभीच राहिले. 'नऊ दिवसांत तो माझ्याबद्दल जे जे बोलला ते लिही. जसंच्या तसं. तुझं काही लिहू नकोस.'

लिहिते. माझं गाळायचा प्रयत्न करते.

दवाखान्यातले पहिले दोन दिवस तोंडावर मास्क होता, बोलणं झालं नाही. एकदा हात उचलून, डोक्याच्या वर नेऊन उंचीची खूण केली. घरात तेवढं उंच कोणी नाही, तुम्हीच.

तीस तारखेला घरी आणलं. कुशीवर वळवताना म्हणाले, "ताईला कळव."

एक तारखेला विचारलं, "कळवलंस?" हो म्हटलं. "काय म्हणाली?" निघते म्हणाल्या, असं सांगितलं. "मग येईलच," म्हणाले. त्या दिवशी भात जरा जास्त गेला.

दोन तारखेला: "तिला आतली खोली दे. खिडकीचा वारा तिला सोसत नाही, आणि ती सांगणार नाही."

तीन तारखेला सकाळी दाढी करायची म्हणाले. हात चालत नव्हता. "असा अवतार बघून ताई माझ्याआधी तुलाच फाडून खाईल." सुतारभाऊ आले होते, त्यांनी करून दिली. दाढी करता करता त्यांनी मला विचारलं, ताई कधी पोचतायत? उद्या, असं मी सांगितलं. म्हणून त्यांना सगळं माहीत आहे, आणि म्हणूनच ते मला दारात तसं विचारत होते.

चार तारखेला संध्याकाळपर्यंत काही नाही. मग एकदम, "गाडी चुकली असेल का तिची?" आणि थोड्या वेळानं स्वतःशीच, "तिची कशी चुकेल? ती तासभर आधी जाऊन बसते."

पाच तारखेला: "आली की मागावर बसायला बघेल. बसू देऊ नकोस. नुसतं बघ म्हणावं." मग माझ्याकडून वचन घेतलं. मग म्हणाले, "जाऊ दे, बसली तर बसू दे. तिला कोण अडवणार."

सहा तारखेला फाटक वाजलं की मान वळवायचे. दूधवाला, शेजारच्या बाई, प्रत्येक वेळी. दुपारी विचारलं, "रागावलीय का ती माझ्यावर?" मी नाही म्हटलं. "मग?" म्हणाले.

सात तारीख. बारा वाजून गेले होते. ऊन होतं, खिडकी उघडी होती. श्वास वरवर चालला होता. डोळे उघडून म्हणाले, "ताई." मी मागे वळून दाराकडे बघितलं, खरंच आलात की काय म्हणून. दारात कोणी नव्हतं. ते माझ्याचकडे बघत होते.

"आलीस?"

बावीस वर्षांत मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "आले रे."

त्यांनी माझा हात धरला, बोटं चाचपली. म्हणाले, "दार मीच उघडं टाकलं होतं. मार तुला बसला."

"असू दे रे," मी म्हटलं.

"मी बोललोच नाही."

"असू दे."

मग डोळे मिटले. पुढे काही बोलले नाहीत. पावणेदोनला गेले.

कुठलं दार आणि कसला मार, मला ठाऊक नाही. यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ते तुमच्यासाठी होतं आणि चौदा महिने माझ्यापाशी पडून राहिलं. चोरून ठेवलेल्या वस्तूकडे बघायची भीती वाटते तसं झालं होतं माझं. आणि तुमच्या वतीनं 'असू दे' म्हणायचा अधिकार मला नव्हता. ते मी म्हणून टाकलं. तुम्ही काय म्हणाला असतात, मला माहीत नाही.

माझं लिहू नको म्हणालात, पण काही ठिकाणी ते गाळताच आलं नाही. तेवढं तुम्ही गाळून वाचा.


२० फेब्रुवारी

ताई,

काल सकाळी फोन वाजला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तुमचा नंबर बघून ओलाच हात पदराला पुसला आणि तरी फोन दोनदा निसटला.

फोनवर माझ्या तोंडून बहुतेक 'हं' आणि 'हो'च निघालं. म्हणून आता लिहिते आहे.

तुम्ही म्हणालात, "काळं कुत्रं होतं आमच्याकडे. वडिलांचा जीव होता त्याच्यावर. दार उघडं राहिलं, ते रस्त्यावर पळालं आणि गाडीखाली आलं. वडिलांनी विचारलं, कोणी उघडं ठेवलं. मी म्हटलं, मी."

मला वाटलं, यांनीच केलं हे तुम्हाला आता कळलं. तसं विचारायला तोंड उघडलं तर तुम्हीच म्हणालात, "मला तेव्हाच माहीत होतं. सात वर्षांचं पोर ते, कोपऱ्यात उभं राहून थरथर कापत होतं. न कळायला काय झालं? चव्वेचाळीस वर्षं मनात घेऊन बसला गाढव. एकदा विचारायचं तरी."

मी तिथेच बादलीशेजारी खाली बसले.

आणि मग म्हणालात, "मी 'असू दे' म्हणाले नसते. आधी एक धपाटा घातला असता त्याला. मग जवळ घेतलं असतं."

ताई, ते माझ्याकडून झालं नाही. ना धपाटा, ना जवळ घेणं. मी नुसता हात धरून बसले होते, कारण तुमचं सोंग घेतलं होतं आणि हललं तर उघडं पडेल अशी भीती वाटत होती.

माफ केलं, असं तुम्ही म्हणाला नाहीत. मी त्याची वाटही बघत नाही. 'त्यानं मागितलं होतं आणि त्याला मिळालं नाही, हे आता कोणाच्याच हातात नाही,' म्हणालात. बरोबर आहे. तुमच्या मनात आहे तसंच ते माझ्याही मनात राहील. मी ते दुसऱ्या कशानं झाकणार नाही.

गालिचा सोमवारी गेला. एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी नव्या घरासाठी घेतला. मॅडमनी मला विचारलं होतं, हवा असेल तर परत न्या, मी त्यांना दुसरा दाखवते. मी रात्रभर नाही, पण दोन दिवस विचार केला. तुम्हाला फोनवर सांगितलं तर म्हणालात, "विणलेलं विकायचंच असतं. घरात कोंडून ठेवायला का विणतं कोणी?" तुमच्या तोंडून तेच येईल, हे मला वाटलंच होतं. डॉक्टरीणबाईंना तेवढं सांगितलं, की त्या बाजूवर जड काही ठेवू नका. कारण विचारलं नाही त्यांनी. म्हणाल्या, तिथे मी अनवाणी चालेन.

या, असं मी लिहीत नाही. बोलवायचं होतं तेव्हा बोलावलं नाही, आता बोलवायला तोंड नाही.

पण फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "आणखी काही बोलला होता का?" मी म्हटलं, नऊ दिवसांतलं सगळं लिहिलं. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "मग त्याच्या आधीचं लिही." आणि माझं उत्तर ऐकायच्या आत ठेवलात.

माझ्याकडे बावीस वर्षांचं आहे, ताई. आठवेल तसं लिहीन. तुम्ही वाचा, नाहीतर ठेवून द्या.

पहिलं हे. लग्नाला चार दिवस झाले होते. हे मला मागाच्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन आले. तुम्ही पाठमोऱ्या विणत बसला होतात. हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ताई तुझ्याशी बोलणार नाही. घाबरू नकोस. शेजारी नुसती बसत जा. एक दिवस ती न बघताच दोऱ्याचं टोक तुझ्याकडे करेल. तेव्हा समज, तिनं तुला घेतलं."

तुम्ही सातव्या दिवशी केलंत. संध्याकाळी मी यांना सांगितलं तर हे घरभर नाचत होते.